बसअण्णांची रुंद चाकं

आमच्या गल्लीत "डोळेऽऽ!" अशी आरोळी आली की माणसं हातातलं काम टाकून भिंतीकडं तोंड करतात. तांदूळ निवडणारी बाई सूप घेऊन वळते. सायकलवाला उतरून सीटवर कपाळ टेकतो. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाईकाच्या गालावरचा वस्तरा उचलून वर धरतो आणि दोघंही डोळे मिटून बसतात. मग पत्र्याच्या शेडमधून चर्रर्र असा आवाज येतो, निळा उजेड गल्लीभर नाचतो, घराघरातले दिवे पिवळे पडतात, माझा रेडिओ घसा बसल्यासारखा खरखरतो. थोड्या वेळानं दुसरी आरोळी, "झालं! उघडा!" आणि गल्ली पुन्हा सुरू.

नव्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. समोरच्या खोलीत पोस्टातले एक कारकून राहायला आले. त्यांना वाटलं ही इथली काहीतरी प्रार्थना असावी. बिचारे हात जोडून उभे राहिले, आणि झालं म्हटल्यावर प्रसाद कुठं वाटतायत ते बघायला लागले. एकदा तर गल्लीतून वरात चालली होती. इकडं आरोळी उठली. नवरदेव घोड्यावर डोळे मिटून, वऱ्हाडी भिंतीला तोंड करून, बँडवाले डोळे मिटून तसेच वाजवतायत, आणि घोडा तेवढा टकामका बघतोय. काम सुरू करायच्या आधी दारातून एकदा नजर टाकायची आरोळी ठोकणाऱ्यांची पद्धत. ते बाहेर आले आणि माझ्यावरच खेकसले, "माने, घोड्याचे डोळे कोण झाकनार? तुझा बाप?"

हे आमचे बसअण्णा. नाव चनबसप्पा, पण पूर्ण नाव फक्त पोस्टमन घेतो. सात रस्त्याच्या मागं आमची गल्ली, तिथं रस्त्याकडच्या बाजूला त्यांचं सरकीच्या पेंडीचं दुकान, आत घर, आणि मागच्या अंगणात ती शेड. धंदा पेंडीचा, नाद वेल्डिंगचा. दुकानात गिऱ्हाईक "अण्णा, पेंड द्या" म्हणून हाका मारतंय आणि मालक मागं काळ्या काचेचा मुखवटा चढवून लोखंडाला लोखंड चिकटवतोय, असा सगळा कारभार. त्या काळात सोलापुरात घरी वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर असलेला पेंडवाला दुसरा कुणी असेल तर मला आणून दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

मी माने. नवी पेठेत साड्यांच्या दुकानात कामाला. दिवसभर साड्या उलगडायच्या, "वैनी, हा रंग तुमच्यासाठीच विणलाय" म्हणायचं, आणि वैनी गेल्या की पुन्हा घड्या घालायच्या. संध्याकाळी घरी येईपर्यंत डोकं तापलेलं असतं. रेडिओ लावावा म्हटलं तर ही आरोळी. मी कितीतरी वेळा भांडायला म्हणून शेडमध्ये गेलो असेन. पण भांडण कधी जमलंच नाही, कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच अडवलं आणि माझ्या शर्टाचा कोपरा चिमटीत धरला.

"टेरिलिन?"

"हो. नवा आहे."

"भाईर हो. एक ठिणगी पडली की हे कातड्याला चिकटतंय. सुती घालून ये, मग भांड."

मी घरी जाऊन खरंच सुती शर्ट घालून आलो. तोपर्यंत राग गेला होता. त्यांनी मला चहा दिला, आणि कपावर खडूनं लिहिलं होतं: गरम.

हा खडू म्हणजे त्यांचा दुसरा नाद. वेल्डिंग केलेलं लोखंड लाल दिसत नसलं तरी हात पोळतो, म्हणून त्यावर खडूनं ‘गरम’ लिहायचं, हे बरोबरच आहे. पण सवय लागली ती लागली. पितळी किटलीवर गरम, उन्हात ठेवलेल्या बाकावर गरम, माझ्या सायकलच्या सीटवर गरम. एकदा एका गिऱ्हाइकाशी त्यांची बाचाबाची झाली, तेव्हा तो पाठमोरा झाल्यावर त्याच्या सदऱ्यावरही ‘गरम’ लिहून मोकळे झाले. तो माणूस तसाच सगळी नवी पेठ फिरला, मी स्वतः दुकानातून बघितला.

बाकीची शिस्तही तशीच. अंगात जुन्या मोटेचं चामडं कापून शिवलेला एप्रन, कपाळावर भस्माचे पट्टे, शेजारी वाळूची बादली, ओलं गोणपाट. वेल्डिंगच्या कांड्या दमट असल्या की जोड पोकळ होतो म्हणून त्या गच्चीवर उन्हात वाळवायच्या. गच्ची आमची सामाईक. माझ्या बायकोनं एकदा कुरडयांबरोबर त्याही डब्यात भरल्या, आणि नंतर त्या पाहुण्यांसाठी तळायला काढल्या. त्यावरून जे झालं ते मी इथं सांगत नाही.

एवढी सगळी तयारी कशासाठी, तर चाकांसाठी. लष्कराच्या लिलावातली एक जीप त्यांनी विकत घेतली होती. बैल जुंपून ती गल्लीत आली तेव्हा पोरं पुढं नाचत होती. इंजिन त्यांनी मिस्त्रीकडून चालू करून घेतलं, पण चाकं, म्हणाले, मीच करनार. चाकं तर होती की! चांगली गोल होती! मी तसं म्हटलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"गोल असून काय उपेग? बारीक हायत. बारीक चाक वाळूत घुसतंय, माने. चाक कसं भाकरीगत पसरट पायजे, मग ते वाळूवर बसतंय."

"वाळू आहे कुठं पण सोलापुरात?"

त्यांनी आवाज खाली आणला, घराच्या खिडकीकडं बघितलं आणि म्हणाले, "भीमेत."

त्या खिडकीत त्यांच्या बायको, गंगाक्का, बसलेल्या असायच्या. पाठीच्या मणक्याला मार लागलेला. भिंतीला धरून घरात चालायच्या, लोडाला टेकून थोडा वेळ बसायच्या, पण रिक्षात बसवलं तर पहिल्याच खड्ड्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आम्ही या गल्लीत आलो तेव्हापासून मी त्यांना उंबरा ओलांडताना बघितलेलं नव्हतं. जीभ मात्र शाबूत. बसअण्णांनी शेडमध्ये हातोडा कुठं ठेवलाय हे त्यांना खिडकीतून दिसायचं आणि त्या सांगायच्यासुद्धा, वर दोन शब्द जास्तीचे घालून.

त्यांचं माहेर भीमेच्या पल्याड. मार्गशीर्षातली अमावस्या, जिला आम्ही येळवस म्हणतो, ती त्यांच्या माहेरी मोठी. आमच्याकडं त्या दिवशी घरात माणूस सापडायचं नाही. जो तो शेतात. कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, आत दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, मग मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि थंडगार आंबील. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालासुद्धा हात धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी आमची गल्ली ओस पडायची आणि खिडकीत एकट्या गंगाक्का. बसअण्णा दुकानाचं दार आतून लावून घ्यायचे. कुणी बोलवायला आलं तर ओ द्यायचे नाहीत.

"ह्या येळवसला तिला तिच्या शेतात नेनार," बसअण्णा म्हणाले. "पुलावरनं गेलं तर पुढं बैलगाडीची वाट. चिखलाच्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्यात. तिची पाठ ऱ्हानार न्हाय. वाळू मऊ असती. वाळूतनं न्यायची. पन गाडी रुतली, तर मग..."

तेव्हापासून आम्हाला सगळ्या गल्लीला एकच घोर लागला. येळवसपर्यंत चाकं होतात की नाही?

भंगारातून त्यांनी जुनी रिमं आणली. आपल्याला कळेल असं सांगतो. रिमची बाहेरची कड कापून वेगळी करायची, मधे लोखंडी पट्टीचं कडं बसवायचं आणि कड परत जोडायची. चाक तेवढं रुंद झालं. ऐकायला सोपं! कापायचं काम त्यांनी लेथवाल्याकडून करून घेतलं, आणि पहिलं चाक उत्साहाच्या भरात एका दमात गोल फिरवून जोडून टाकलं. "डोळे" म्हणून जे आम्हाला भिंतीकडं उभं केलं ते माझ्या पायाला मुंग्या आल्या. चाक झालं सुरेख. फिरवून बघितलं तर दारू प्यायल्यासारखं हेलपाटत होतं. एका बाजूनं तापलं की लोखंड तिकडं ओढलं जातं. गंगाक्का खिडकीतून म्हणाल्या, "छान झालंय. दिवाळीला भुईचक्र म्हणून लावू."

मग ते शिकले. इथं थोडा टाका, मग बरोबर समोर थोडा, मग आडवा, मग थंड होऊ द्यायचं. दोन टाक्यांच्या मधे आम्ही जेवून यायचो. चाक आसावर लावून शेजारी खडू स्थिर धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथं चाक बाहेर येतं तिथंच खडू लागतो. खडू सगळीकडं सारखा लागला की बसअण्णा "शिवा, शिवा!" म्हणून टाळी वाजवायचे.

त्यानंतरची परीक्षा अजून कडक. चाक पूर्ण गार झालं की जोडाच्या एका बाजूला खडूची भुकटी कालवून फासायची, वाळू द्यायची, आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावायचं. केसाएवढी चीर असली तरी रॉकेल त्यातून झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तिसऱ्या चाकाला अशी रेघ आली. मला तर चष्मा लावून दिसली. मी म्हटलं, "अण्णा, एवढीशी तर आहे. कोण बघतंय?"

बसअण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा टेरिलिन घालून आलोय की काय असं मला वाटलं. त्यांनी घण उचलला आणि ते चाक, इतक्या दिवसांच्या मेहनतीचं चाक, ठोकून ठोकून वेडंवाकडं करून टाकलं. "भंगारात दिलं आन कुनी उचलून गाडीला लावलं तर?" म्हणाले. आणि पुन्हा नवीन रिम लेथवाल्याकडं कापायला टाकलं.

टायरची अडचण होती. एवढ्या रुंद चाकाला टायर आणायचे कुठून? ते स्वतःच्या पायानं चालत आले. त्याचं असं झालं, श्रीपूरच्या साखर कारखान्यावर ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला, नाव शिवाजी, दणकट माणूस, ट्रॉलीचं एक चाक खांद्यावर टाकून आमच्या गल्लीत आला. रिमला तडा गेलेला. टायर तसाच चढवलेला, आत टम्म हवा.

"आन्ना, नुसता एक टाका मारा की. लई घाई हाय, फडात ऊस तसाच पडलाय."

बसअण्णा दोन पावलं मागं सरले. मग त्यांनी जी आरोळी ठोकली ती आम्ही पूर्वी कधी ऐकली नव्हती. "पळाऽऽ!"

गल्ली पळाली. न्हावी वस्तरा घेऊन पळाला, त्याच्यामागं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, आणि त्यांच्याकडं बघून मारामारी झालीय असं समजून सात रस्त्यावरचे लोकही पळाले. शिवाजी चाक खांद्यावर घेऊन मधोमध एकटा उभा. "काय झालं? काय झालं ओ?"

"बाँब हाय तुझ्या खांद्यावर!" बसअण्णा लांबूनच ओरडले. "हवा भरल्याल्या टायरवर जाळ लावतोस? आतली हवा तापून फुगंल, रबर जळून आत वायू हुईल, आन फुटलं की तुझं डोकं श्रीपूरला आन धड सोलापुरात!"

"मग हवा सोडतो की."

"हवा सोडून भागत न्हाय! टायर उतरव. टूब काड. उघडं रिम आन माझ्याम्होरं."

शिवाजीनं टायर उतरवला. बसअण्णांनी तडा बघितला आणि सांगितलं, हे जोडायचं नाही, रिम बदल. तो तणतणत गेला. पण पुढं कधीतरी त्याच्या ओळखीत कुठंसं असंच हवेसकट वेल्डिंग करताना टायर फुटला आणि माणूस जायबंदी झाला. ते ऐकलं त्या दिवशी शिवाजी ट्रॅक्टर घेऊन आला आणि ट्रॉलीचे चार रुंद टायर आमच्या दारात उतरवून गेला. "आन्ना, जुनं हायत पन आंग चांगलं हाय." बसअण्णांनी पेंडीचं पोतं त्याच्या ट्रॅक्टरवर टाकलं. दोघांनी एकमेकांना नको नको म्हणत दोन्ही घेतलं.

चाकं चढली. रुंद चाकांवर ती जीप अशी काही दिसायला लागली की काय सांगू! नेहमीचीच गाडी, पण जणू मांडी घालून बसलीय. आता हळू हळू चालवून बघायचं. मला त्यांनी सोबत घेतलं. मागं सीट काढून तिथं गादी घातली होती, गादीवर पेंडीचं पोतं आडवं, त्यावर गोधडी, आणि शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेली चरवी. पाणी सांडलं की समजायचं हादरा बसला.

सात रस्त्यावरून आम्ही निघालो. लोक थांबून बघतायत. मी मान खाली घातलेली. एका खड्ड्यात चाक गेलं आणि बसअण्णा मागं वळून कळवळून म्हणाले, "लागलं का?"

"नाही नाही," मी म्हटलं.

"तुला न्हाय इचारलं."

ते पोत्याशी बोलत होते. पुढच्या खड्ड्याला पुन्हा, "जरा दम काड हं. आता रस्ता चांगला हाय." रस्ता संपेपर्यंत त्यांचं पोत्याशी असं चाललं होतं. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. एक तर गाडी बैलाच्या चालीनं चाललेली, आणि दर वेळी मागं बघताना पुढून सायकलवाले जीव मुठीत धरून बाजूला उड्या मारत होते.

सगळं झालं. चाकं झाली, टायर झाले, पोतं पास झालं. आणि गंगाक्का म्हणाल्या, "मी येनार न्हाय."

बसअण्णांचा चेहरा मला बघवेना. मी विक्रेता माणूस, नाही म्हणणाऱ्या बाईला हो म्हणायला लावणं हा माझा धंदा. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक हिरवी इरकल घेऊन मी गंगाक्कांसमोर उलगडली. "येळवसला माहेरी जाताना ही नेसायची, अक्का. पदर बघा."

त्यांनी पदरावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "माने, मला गाडीचं भ्या न्हाय. चाकाचंबी न्हाय. ह्यांचंच भ्या हाय."

आणि त्यांनी मला सांगितलं. आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी बसअण्णांनी मोटारसायकल घेतली होती. येळवसलाच माहेरी गेले होते दोघं. जेवणं झाली, निघाले, सासरची माणसं बांधावर उभी, आणि ह्या पठ्ठ्यानं त्यांना दाखवायला म्हणून गाडी सुसाट सोडली. नदीच्या उताराला चाक घसरलं. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. गंगाक्का दगडावर पडल्या.

"माझा भाऊ एका शब्दानं बोलला न्हाय ह्यांना," त्या म्हणाल्या. "तरी हे त्या दिशेला तोंड करत न्हाईत. पडले मी, माने. पन उठले न्हाईत ते हे. आता गाडी चालवतील आन सारखं मागं बघतील, पुन्हा काय झालं तर मरून जातील हो. म्हनून न्हाय म्हनते."

मी इरकलीची घडी घालायला लागलो. मग म्हटलं, "मागं नाही बघितलं तर येणार?"

त्यांनी इरकल माझ्या हातातून मांडीवर ओढली. "एकदाबी न्हाय बघायचं. मग येते."

बसअण्णांनी शपथ घेतली, गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून. आणि येळवसच्या सकाळी बघतो तर काय, जीपला न्हाव्याकडचा मोठा आरसा बांधलेला! रस्त्याचं एक टोक त्यात दिसत नव्हतं. सगळा आरसा मागच्या गादीकडं लावलेला.

"हे काय?"

"मागं न्हाय बघनार म्हनालो. म्होरं बघनार की."

हिरवी इरकल नेसून, गादीवर लोडांमध्ये बसलेल्या गंगाक्कांनी मला नुसती खूण केली. मी माझा पंचा त्या आरशावर टाकला. बसअण्णांचे कान लाल झाले.

अख्खी गल्ली निरोप द्यायला. न्हाव्यानं नारळ फोडला. बसअण्णा पुढं बसले, मी मागं गंगाक्कांना धरायला. आम्ही निघालो. गावाबाहेर पडलो, ज्वारीची हिरवीगार शेतं दोन्ही बाजूंना, जागोजागी कोपी, माणसं हात करून बोलावतायत, "या की जेवायला!" गंगाक्का इकडं बघ तिकडं बघ करत होत्या. आणि मग भीमा. पाण्याची एक बारीक धार मधून, बाकी नजर पोहोचेल तिथवर वाळू. बसअण्णांनी उतरून चारी टायरमधली थोडी थोडी हवा सोडली, टायर पसरले. पलीकडच्या काठावर माणसं जमलेली दिसत होती.

जीप वाळूत उतरली आणि, अहो, रुतली नाही! चालली! चाकाखाली वाळू नुसती दबत होती. मी ओरडलो, "चालली, अण्णा, चालली!" पाण्याची धार आम्ही ओलांडली. पाणी चाकाच्या निम्म्यालाही लागलं नाही. अर्ध्याहून जास्त नदी मागं पडली होती, आणि तेवढ्यात गंगाक्का म्हणाल्या, "हंऽ!"

एवढंच. आणि बसअण्णांनी करकचून ब्रेक लावला.

वाळूत थांबायचं नसतं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पुन्हा गाडी हलवायला गेले तर मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली बसली. पलीकडून माणसं बैल घेऊन धावायला लागली. बसअण्णा उतरून गंगाक्कांजवळ आले. तोंड पांढरंफटक. "दुखलं? कुटं दुखलं?"

"दुखलं न्हाय हो! आमची कोप दिसली म्हनून हं म्हनाले."

"बैल आनतायत. पन बैलाचा हिसका बसंल तुला. मी... मी आता..." एवढा मोठा माणूस, वाळूत गुडघे टेकून चाकाभोवतीची वाळू हातानं उकरत होता. मीही माझ्या टेरिकॉटच्या पँटीची पर्वा न करता उकरायला लागलो. चाकांपुढं त्यांनी गोणपाटं अंथरली. टायरची हवा अजून जराशी सोडली, रिमवरून टायर निसटत नाही ना ते बोटानं चाचपलं. मी मागं चढलो, ते उठून स्टिअरिंगवर बसले, आणि बसूनच राहिले.

"हळू काडतो," म्हणाले.

"हळूनंच रुतलाव की!" गंगाक्का कडाडल्या. लोड बाजूला सारून त्या ताठ बसल्या होत्या. एका हातानं त्यांनी जीपची कड धरली, दुसऱ्यानं माझा खांदा. "आता थांबायचं न्हाय. जोर होडीरी!"

जोरात हाणा. एवढं कानडी मलाही येतं. बसअण्णा हलले नाहीत.

"ऐकू आलं का? मी सांगतेय न्हवं? जोर होडीरी!"

इंजिन गरजलं. जीप गोणपाटांवर चढली, एकदा डुलली, आणि सुटली. काय सुटली म्हणता! वाळू दोन्ही बाजूंनी उडतेय, बैल घेऊन येणारी माणसं पटापट बाजूला होतायत, माझी टोपी उडाली, पंचा उडाला, आणि गंगाक्का हसतायत! खळखळून, पोरीसारख्या हसतायत, आणि ओरडतायत, "होडीरी! होडीरी!" त्यांचा पदर वाऱ्यावर, नाकात वाळू, आणि मी त्यांना धरायचं सोडून स्वतःच ओरडतोय. जीप काठाचा चढ एका दमात चढली, बांधाला वळसा घालून थेट कोपीसमोर जाऊन उभी राहिली. तिथली कोंबडी कुठं गेली ती त्या दिवशी सापडली नाही.

मग एकच गोंधळ. बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. गंगाक्कांचा भाऊ मल्लप्पा, पांढऱ्या मिशांचा उंच माणूस, त्यानं आणि तिघांनी बहिणीला गादीसकट उचलून कोपीच्या सावलीत नेलं. कडब्याच्या पेंड्यांना टेकून त्या बसल्या आणि कोण म्हातारं झालंय, कुणाला किती पोरं झालीत याची चौकशी सुरू केली. पंगत बसली. भज्जी आली, उंडे आले. आंबिलीचं मडकं आलं. आणि माझ्या लक्षात आलं की बसअण्णा नाहीत.

ते जीपच्या मागं, मागच्या चाकाला टेकून जमिनीवर बसले होते. मला वाटलं जोड तपासतायत. मी आनंदात म्हटलं, "अण्णा, जिंकलात! एवढ्या जोरात आलो, एक चीर नाही चाकाला!"

त्यांनी चाकाकडं बघितलंही नाही.

"माने," ते म्हणाले, "पडली न्हाय ती."

"अण्णा..."

"मी जोरात चालवली. लई जोरात चालवली. आन ती हसत हुती. पडली न्हाय." आणि एवढा गल्लीला हलवणारा माणूस तोंडावर हात धरून रडायला लागला. मी त्यांच्या शेजारी मातीत बसलो.

कोपीकडून गंगाक्कांची हाक आली, "रीऽ! ऊटक्क बर्री!" जेवायला या. बसअण्णा उठेनात. "तू जा," मला म्हणाले. "मी कुठल्या तोंडानं बसू त्यांच्यात?"

तेवढ्यात मल्लप्पा आला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. बसअण्णांनी मान खाली घातली. मल्लप्पा म्हणाला, "दाजी, चला. ताट वाढलंय तुमचं."

"मल्लप्पा, मी..."

"दर येळवसला वाढतो आमी. गार हुईपातुर वाट बघतो, मग गड्याला देतो. आज तरी चला."

बसअण्णा उठले. तांब्या घ्यायला त्यांनी हात पुढं केले, पण मल्लप्पानं तो दिला नाही. त्यानंच त्यांच्या हातांवर पाणी घातलं.